न उघडता मोजलेलं

बाईंचं काम सांगायला सोपं, पटवायला कठीण. दवाखान्यातून लोकांच्या रक्ताची माहिती कुलूपबंद होऊन त्यांच्या मशीनच्या खोलीत येई. तिथल्या संगणकांतली खास कार्डं ते कुलूप न उघडताच आतलं गणित करत, आणि उत्तरही कुलूपबंदच परत जाई. किल्ली फक्त ज्याचं रक्त त्याच्या फोनमध्ये. कार्डं थंड राखायची, बिघडली तर बदलायची, हे बाईंकडे. "म्हणजे हमालीच," धाकटा भाऊ चिडवायचा. "पेटी वाहायची, आत काय ते विचारायचं नाही."

त्यांच्या वडिलांचे हात चाळिशीत थरथरू लागले आणि पन्नाशीत त्यांना घरचीच माणसं ओळखू येईनात. हा आजार पोरांत उतरतो. आईमागे भावाला बाईंनीच वाढवलं. आता त्याचं लग्न ठरत होतं, पण तपासणीचं नाव काढलं की गडी काढता पाय घ्यायचा. आजारापेक्षा त्याला ताईची धास्ती. ही आधी वाचणार आणि रडत बसणार. माझ्या हाताखालून गेलं तरी मला दिसणार नाही आणि तू सांगितल्याशिवाय विचारणारही नाही, असं बाईंनी वचन दिलं तेव्हा कुठे त्याने रक्त दिलं.

त्या आठवड्यात बाईंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सगळी कामं एकाच आकाराची. धडधाकट माणसाच्या रक्तालाही कार्ड तितकाच वेळ घेई, तितकंच तापे. त्यात त्याचं कुठलं, देव जाणे. मंगळवारी एका कार्डाचा पंखा बंद पडला. शेवटची दोनच कामं पुन्हा करा, असं सोबतचे म्हणाले. बाईंनी त्या कार्डावरची चाळीसच्या चाळीस पुन्हा पहिल्यापासून केली. त्याचं नसलं तर कुणाच्या तरी भावाचं असेलच की!

रविवारी तो आला. उत्तर आल्याचं त्याने सांगितलं. बाई पुसलेलाच कप पुसत बसल्या.

"ताई, मी उघडलं नाही अजून."

"का रे?"

"बाबा तुझेही होते ना?"

बाईंचा हात थांबला. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं, त्यांनी स्वतःलाही नाही. त्याने खिशातून दवाखान्याचा कोरा फॉर्म काढून पुढे ठेवला.

"तुझंही येऊ दे. मग दोघांचं एकदम उघडू."

डोळे पुसून त्यांनी पेन मागितलं. वयाच्या रकान्यात एकोणचाळीस लिहिताना हात थरथरला. दोघांनीही ते पाहिलं. भावाने कागद हलू नये म्हणून त्याच्या कडेवर आपला हात ठेवला.