खिशातला लायटर

इथे राजधानीत, आमच्या द्वारकेच्या फ्लॅटमध्ये आज पुन्हा भाजणीचा वास सुटलाय आणि मला ती जुनी दिवाळी आठवतेय.

नीता, माझी बायको, डिप्रेशनमधून सावरत होती. डॉक्टर सांगत होते, तिला घरातली कामं करू द्या. मी मात्र भीतीपोटी स्वयंपाकघरच ताब्यात घेतलं होतं. ऑफिसला जाताना गॅसचा लायटरसुद्धा खिशात घालून न्यायचो. तिला ते कळत होतं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

त्या रविवारी माझ्या चकल्या तेलात विरघळत होत्या. ती आत आली आणि तिने गॅस बंद केला.

“अहो, मोहनाचं तेल किती ओतलंत? चकली करताय की हलवा? चलो, सरका.”

किती महिन्यांनी टोमणा ऐकला! तिने पिठात कोरडी भाजणी मिसळली, मळून सोऱ्या भरला आणि माझ्यापुढे हात केला.

“लायटर.”

मी खिशातून काढून दिला.

पहिलीच चकली अखंड, काटेरी निघाली. “ऑफिसात खुशाल सांगा, ‘मीच केली’ म्हणून,” ती हसली.

दुसऱ्या दिवशी मी लायटर ओट्यावर ठेवून मेट्रो पकडली. दिवसभर कामात लक्ष नव्हतं. संध्याकाळी लिफ्टचं दार उघडलं आणि आमच्या घरातून चकलीचा खमंग वास आला.