बाथरूमच्या वाटेवरचं स्टूल

हे आजवर मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याच्यापासून मी फ्रिजमधून चोरून खाल्लेलं श्रीखंडसुद्धा लपवत नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

हिंजवडीत तेव्हा नव्या सॉफ्टवेअर कंपन्या भराभर उघडत होत्या. वर्ध्याहून येऊन मी त्यातल्या एकीत टेस्टर म्हणून लागले होते. शनिवारी आम्ही ऑफिसमधले सात-आठ जण एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचो. कपाटं सरकवायची, अडगळ काढायची, चालायला वाट करून द्यायची. घामाघूम व्हायचं आणि मग भेळ खायची. फार आनंदाचे दिवस होते, खोटं कशाला बोलू?

खडकीचे मेश्राम काका दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. क्वार्टर सोडताना सगळं सामान त्यांनी दोन खोल्यांत कोंबलं होतं. लोखंडी खाट, दोन कपाटं, टेबल, खुर्च्या — आणि बाथरूमच्या वाटेवर बरोब्बर मध्ये एक लाकडी स्टूल. मी वर्ध्याची म्हटल्यावर काका माझ्याशी आमच्याकडचं बोलू लागले. बाकीचे खाट उचलत होते तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं.

"ते स्टूल हलवू नको बरं माय. मले आता नीट दिसत नाही. त्यालेच धरून जातो मी. कोणाले सांगू नको."

मी हो म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं — पण त्यानं काय फरक पडतो?

आमची एक पद्धत होती. दारात उभं राहून दोन फोटो काढायचे, एक काम सुरू करण्याआधी, एक संपल्यावर. दोन्ही ऑफिसच्या फलकावर लागायचे. त्या दिवशी कॅमेरा माझ्याकडे होता. खोली इतकी छान दिसत होती — फक्त ते स्टूल मध्ये येत होतं. मी ते उचलून बाल्कनीत ठेवलं. मिनिटभरासाठी. फोटो काढला, खालून गाडीचा हॉर्न वाजला आणि मी कॅमेरा सांभाळत जिना उतरले.

सोमवारी कळलं, काका पडले. मनगट मोडलं. हात टेकायला स्टूलच नव्हतं, असं ते शेजाऱ्यांना म्हणाले होते.

बाल्कनीतलं सामान लावायचं काम अनघाकडे होतं — आमच्यातली सगळ्यात शांत, नीटनेटकी मुलगी. तेव्हा स्टूलही तिनंच नेलं असणार, असं सगळे धरून चालले. तीही म्हणाली, नेलं असेल, लक्षात नाही. मी तिच्या शेजारी बसले होते. तोंड उघडायला असा किती वेळ लागतो? त्यानंतर ती शनिवारी यायची बंद झाली.

इथवर तो नुसता भित्रेपणा होता. पुढचं जास्त वाईट आहे.

आठवड्यानं मी एकटीच काकांकडे गेले. स्टूल जागेवर ठेवलं, चहा केला. त्यांचा हात प्लास्टरमध्ये. स्टूल कोणी हलवलं, असं त्यांनी विचारलं — रागानं नाही, सहज. घरात आम्ही दोघंच होतो. आणि मी म्हणाले, "अनघानं, काका."

त्यांनी चहा संपवून कप खाली ठेवला.

"तिले सांगजो, मी रागावलो नाही म्हणा. मनाले लावून नको घेऊ म्हणा."

मला काय वाटलं, सांगू? हलकं वाटलं. माफी मिळाली होती ना — मी ती घेतली आणि घरी आले.

काकांचा हात बरा झाला. ते असेपर्यंत मी त्यांच्याकडे जात राहिले, आमचं चांगलं जमायचं. आज माझं घर आहे, मुलगी आहे, गच्चीत मोगरा आहे. मी सुखात आहे. झोप लागत नाही वगैरे म्हणणं खोटं होईल.

गेल्या वर्षी अनघा आमच्याकडे जेवायला आली होती. सासूबाईंची खुर्ची वाटेतच होती. ती हलवायच्या ऐवजी अनघा अंग चोरून, भिंतीला घासत पलीकडे गेली. म्हाताऱ्या माणसांच्या घरात मी कशालाच हात लावत नाही गं आता, असं हसत म्हणाली.

मी तिला अजून एक पोळी वाढली. काकांचा निरोप सांगितला नाही.