डाव्या हाताचे दिवस

पंखा पुसायला म्हणून स्टुलावर चढले होते. स्टूल सरकलं आणि मी उजव्या हातावर पडले. थोडा वेळ फरशीवर तशीच बसून राहिले. मग उठून गॅसवरचा चहा बंद केला, जुन्या ओढणीची झोळी करून हात गळ्यात अडकवला, डाव्या हातानं कुलूप लावलं आणि खाली जाऊन ऑटोला हात केला.

दवाखान्यात सिस्टरनं विचारलं, "सोबत कोण आहे?"

"कुणी नाही. मीच आले."

"घरी कोण असतं?"

"घरीही मीच."

तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. प्लास्टर ओलं असताना कुणीतरी जवळ पाहिजे, चक्कर येते, असं काहीतरी पुटपुटली. मला चक्कर आली नाही. प्लास्टर झाल्यावर तशीच ऑटोनं परत आले. भावाला फोन केला नाही. भाऊ नांदेडला असतो. कळलं असतं तर संध्याकाळपर्यंत गाडी घेऊन आला असता आणि मला घेऊन गेला असता. निवृत्त झाले तेव्हाही तो म्हणाला होता, "आता नांदेडलाच राहा, वरची खोली रिकामीच आहे." वहिनीनंही आग्रह केला होता. मी लातूरला फ्लॅट घेतला. इथं माझं कुणी नव्हतं. तरुणपणी शिकायला राहिले होते, तेवढीच ओळख.

माझी नोकरी किनवटकडच्या जंगलातल्या एका निवासी शाळेत गेली. मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका होते. लग्न केलं नाही. वडील शेवटपर्यंत माझ्याजवळ होते. ते रेल्वेत होते, रुळांच्या कामावर. त्यांच्या लहानपणी गावात त्यांना विहिरीला हात लावू देत नसत. कुणीतरी वरून पाणी ओतायचं आणि यांनी खाली ओंजळ धरायची. ओतणारा येईपर्यंत उन्हात बसून राहायचं. दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पिऊ नये असं लोक सहज बोलून जातात. आमच्या घरात ते सहज बोललेलं नसायचं. वडील कुठंही गेले तरी पाण्याचा तांब्या सोबत न्यायचे. मला म्हणायचे, "बाई, मागायची वेळ आणू नको स्वतःवर." मी आणली नाही. नोकरी माझी, घर माझं, आजारपणही माझं मीच निभावलं.

प्लास्टरचं मात्र जमेना. भात डाव्या हातानं खाता येतो. भाकरी विकत आणता येते. परकराची नाडी बांधता येत नाही, म्हणून गाऊन घातला. सगळ्यात नडले ते केस. माझे केस अजून दाट आहेत, पांढरे झालेत पण कमरेपर्यंत आहेत. डाव्या हातानं कंगवा फिरवायचा तर मागं गुंता राहायचा आणि वेणीला तर दोन हात लागतातच. दोन-तीन दिवस रबर लावून बघितलं. ते निसटायचं. आरशात बघितलं की वाटायचं, हिला घरदार आहे की नाही.

शेवटी केस कापून टाकायचे ठरवलं. खालच्या गल्लीत पार्लर आहे. गाऊनवर ओढणी घेतली आणि निघाले. जिन्यात समोरच्या फ्लॅटमधली बाई भेटली, भाजीची पिशवी घेऊन वर येत होती.

आमच्या इमारतीत बहुतेक फ्लॅट अशाच बायकांनी भरलेले असतात. मुलांना क्लाससाठी लातूरला ठेवायचं, तर आई सोबत येते. दोन खोल्या भाड्यानं घेतात, मुलाला डबा करून देतात, परीक्षा झाली की सामान टेम्पोत घालून गावी जातात. कुणाशी फार ओळख करावी असं मला वाटत नसे. ही बाई किल्लारीकडची, मुलीला घेऊन आलेली. चाळिशीची असेल. आमचं जिन्यातलं हसणं तेवढं होतं.

"काकू, हाताला काय झालं?" तिनं विचारलं.

"पडले."

"आन् आता कुठं निघालाव?"

"केस कापायला. विंचरता येत नाहीत."

ती पायरीवरच थांबली. "अन् मला काय झालं होतं? समोरच राहते की मी."

मी म्हटलं, कशाला, तुम्हाला तुमची कामं आहेत. तिनं ऐकलं नाही. पिशवी बाजूला ठेवली, मला पायरीवर खाली बसवलं, स्वतः वरच्या पायरीवर बसली आणि बोटांनीच गुंता सोडवायला लागली. येणारे-जाणारे बाजूनं जात होते. मला लाज वाटत होती आणि डोळेही मिटत होते. माझ्या डोक्याला किती वर्षांनी दुसऱ्या कुणाचा हात लागला, ते मला आठवेना.

दुसऱ्या दिवसापासून मुलगी क्लासला गेली की ती तेलाची बाटली घेऊन यायची. दारावर माझ्या आडनावाची पाटी आहे, हॉलमध्ये निळ्या कोटातली तसबीर आहे. तिनं दोन्ही बघितलं असणार. बोलली काहीच नाही. मी खाली चटईवर बसायचे, ती मागं पलंगावर. एकदा मी म्हटलं, "हात फार हलका आहे तुमचा."

"सवय हाय," ती म्हणाली. "भूकंपात आई गेली आमची. मी लहान होते. मग आमाला पत्र्याच्या शेडात ठेवलं होतं. कुणाचीच आई धड न्हवती. सकाळी आमी पोरी रांगेत बसायचो, हिच्या मागं ती. जी ती पुढचीची वेणी घालायची. लई लांब रांग लागायची."

मला माझं वसतिगृह आठवलं. तिथंही मुली रविवारी ओट्यावर अशाच एकीमागं एक बसायच्या. मी समोर उभी राहून कुणाच्या डोक्यात उवा आहेत का ते बघायचे. त्या रांगेत मी कधी बसले नव्हते.

ती बोलायची खूप. नवऱ्याचा फोन दिवसातून अनेकदा यायचा. काय केलं, पोरगी अभ्यास करती का, दार कुणी वाजवलं होतं का. कुकरची रिंग बदलायची तरी ती म्हणायची, "यांना इचारते." पण मंडईत जाताना खुलायची. "गावाकडं सासऱ्यांना कारलं चालत न्हाई, म्हणून कधी केलंच न्हाई. इथं आठवड्याला करते. पोरगी तोंड वाकडं करती, मी एकटी खाते." मग वेणीला पीळ देत म्हणाली, "तुमचं बरं हाय काकू. कुणाला इचारायचं न्हाई."

"मलाही कुणी विचारत नाही," मी म्हटलं. ती हसली नाही. वेणी पुरी करून उठली.

कुणाचं काही घेतलं की मला चैन पडत नाही. तिच्या मुलीसाठी फळं पाठवली, खव्याचे पेढे आणले. तरी पारडं बरोबर झालं असं वाटेना. म्हणून एके दिवशी ऑटो करून गंजगोलाईच्या बाजारात गेले आणि चांगली सुती साडी आणली, हिरवी, बारीक काठाची. सकाळी ती आली तेव्हा हातात दिली.

तिनं साडी उलटसुलट करून बघितली. "कशाबद्दल ही?"

"रोज येता, वेळ मोडता..."

"मजुरी देताव का काकू?"

तिनं त्या दिवशी वेणी घातली, रोजच्यासारखीच नीट, पण बोलली नाही. साडी टीपॉयवर ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही.

त्या दोन दिवसांत घर किती शांत असतं ते मला ऐकू आलं. समोरचं दार वाजलं की मी उठून उभी राहायचे. खाली कोचिंगच्या मुलींचे घोळके जायचे, त्यांचे आवाज यायचे. वर माझ्याकडं फ्रीज घुरघुरायचा. आधीही एवढीच शांतता होती आणि मला ती आवडायची. स्वतः कमावलेली वाटायची.

शेवटी डाव्या हातात कंगवा घेतला आणि समोरचं दार वाजवलं. मधे चार पावलांची जागा. ती ओलांडताना मला वडिलांचा चेहरा दिसत होता. दार उघडल्यावर काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. ते सगळं विसरले.

"वेणी घालून देता का?" मी म्हटलं.

तिनं माझ्या हातातल्या कंगव्याकडं बघितलं. मग बाजूला झाली. "या."

आत तिचा नवरा बसला होता. सकाळच्या एस.टी.नं आला होता. पांढरा शर्ट, हातात चहाचा कप. मी परत फिरणार होते, पण तिनं खांद्याला धरून खाली बसवलं. त्यानं नमस्कार केला. माणूस सभ्य होता. हाताला काय झालं विचारलं, पाऊसपाण्याचं बोलला. मग म्हणाला, "मूळ गाव कोणतं तुमचं?"

"किनवटकडचं."

"आडनाव?"

हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेलाय आणि मी तो नेहमी ताठ मानेनं घेतलाय. पण या वेळी माझे केस दुसऱ्याच्या हातात होते. मान वर करता येत नव्हती. तिचे हात क्षणभर थांबले.

"दारावर पाटी हाय, जाताना वाचा," ती म्हणाली. "च्या निवून चाललाय तुमचा."

मी आडनाव सांगितलं. लपवायचं काही कारण नव्हतं. तो "बरं, बरं" म्हणाला आणि चहा पिऊ लागला. वेणी झाल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि माझ्यासाठी चहा घेऊन आली. त्याच्या हातात होता तसलाच कप, त्याच सेटमधला. मी तो तिथंच बसून प्यायले.

दोन दिवसांनी तो गेल्यावर ती तेलाची बाटली घेऊन माझ्याकडं आली. तेल लावता लावता म्हणाली, "हे फोनवर बोलले मला. कुणाच्याबी वेण्या घालत बसतीस म्हणाले."

"मग?"

"मग काय. म्हणलं, हात माझे हायत."

एवढं बोलून तिनं वेणीला घट्ट पीळ दिला. मी मागं वळून बघितलं नाही. तिलाही ते बरं वाटलं असावं. जाताना टीपॉयवरची हिरवी साडी तिनं स्वतःहून उचलली. "आता देताव का?" म्हणाली. "आता घेते."

प्लास्टर निघालं. हात वाळल्या फांदीसारखा दिसत होता. बोटं उघडायची, मिटायची असा व्यायाम होता. आणखी काही दिवस ती आली. मग एका सकाळी दारातूनच म्हणाली, "आता जमतंय न्हवं काकू तुमचं?" जमत होतं. थोडं दुखत होतं, पण जमत होतं. मी म्हटलं, "हो, जमतंय." जमत नाही म्हटलं असतं तर ती आली असती. म्हणावंसं वाटलं होतं. तोंडातून निघालं नाही.

परीक्षा झाली. मुलीला मनासारखे मार्क मिळाले नाहीत. नांदेडला नर्सिंगला प्रवेश घेतला, होस्टेल मिळालं. मग आईला शहरात राहायचं कारण उरलं नाही. टेम्पो आला तेव्हा ती हिरवी साडी नेसली होती. माझा हात दोन्ही हातांत धरून मनगट दाबून बघितलं, जसं डॉक्टर बघतात. "दुखलं तर सांगा," म्हणाली. कुणाला सांगू ते मी विचारलं नाही.

सुरुवातीला फोन करायची. गावाकडून तिचा आवाज वेगळा यायचा, दबका, घाईचा. मागं कुणीतरी हाक मारायचं आणि ती "ठेवते काकू" म्हणायची. एकदा विचारलं, कारलं करता का? म्हणाली, "एकटीसाठी कशाला तवा लावायचा." मग फोन कमी झाले. "या की एकदा गावाकडं," असं ती दर वेळी म्हणते, मी "येईन" म्हणते. मी गेलेले नाही. तिच्या घरी जाऊन बसावं आणि तिला पुन्हा कुणाशी तरी भांडावं लागावं, असं मला नको आहे. की मलाच भीती वाटते, ते सांगता येत नाही.

नांदेडला भावाकडं यंदा दिवाळीला जरा जास्त राहिले. वहिनीनं ताट वाढून हातात दिलं तेव्हा मी नेहमीसारखं 'माझं मी घेते' म्हटलं नाही. तिच्या ते लक्षात आलं की नाही, माहीत नाही. परत आले तेव्हा घरात बंद खोलीचा वास होता. दोन दिवस खिडक्या उघड्या ठेवल्या.

समोरच्या फ्लॅटमध्ये नवी बाई आली आहे, देगलूरकडची. मुलगा क्लासला जातो. ती फारशी बाहेर पडत नाही. आठवडाभर मी तिच्या दाराचा आवाज ऐकत होते. काल संध्याकाळी जाऊन बेल वाजवली. तिनं दार अर्धवट उघडलं, हाताला पीठ लागलेलं.

"मी समोर राहते," मी म्हटलं. "एकटी असते. मला कधी काही लागलं तर मी तुम्हाला हाक मारीन. चालेल ना?"

तिला नीट कळलं नसावं. अशा वेळी लोक उलटं म्हणतात, तुम्हाला काही लागलं तर सांगा. ती "हाव, मारा की" म्हणाली आणि दार लावून घेतलं. आत कुकरची शिट्टी झाली. मी घरात आले आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाला एकटीपुरते तांदूळ काढले.