बाईंना न चालणारी प्रार्थना

केडगावच्या आमच्या संडे स्कूलमध्ये कुणी पाठ केलेली गोड प्रार्थना म्हणू लागलं, की बाई मध्येच थांबवायच्या. "देवाला भाषण नको. मनातलं सांग!" सगळ्यांसमोर तोंडघशी पडल्यावर मला त्यांचा भयंकर राग यायचा.

परवा स्वतःच्या हृदयाच्या ऑपरेशनआधी त्यांनी मला दवाखान्यात बोलावून घेतलं. स्ट्रेचर दाराशी आलं.

"प्रार्थना कर," त्या म्हणाल्या.

मी डोळे मिटले. "हे दयाळू, सर्वसमर्थ पित्या..."

त्यांनी माझं मनगट गच्च धरलं.

मग मी एवढंच म्हणाले, "देवा, मला फार भीती वाटतेय."

"मलाही," बाई म्हणाल्या. "आमेन."