बहिणीच्या खोलीचा उंबरा

बारा वर्षांचा झाला त्या साली बापाने लिसिआतेची चटई उचलली आणि परसातल्या झोपडीत नेऊन टाकली. मोठी बहीण झोपते त्या घरात वयात आलेल्या भावाने झोपायचं नाही. तिच्या खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही, तिच्या अंथरुणाला हात लावायचा नाही. तिच्यादेखत चावट बोलणं तर लांबच, दुसरं कुणी बोललं तरी उठून जायचं. हापाईच्या बेटांवर हे कुणी कुणाला शिकवत नाही, आईच्या दुधाबरोबरच येतं. लिसिआतेने ते साठ वर्षं पाळलं. मध्ये लग्न झालं, बायको वारली, मूलबाळ नव्हतं म्हणून तो पुन्हा बहिणीच्या परसात राहायला आला, तरी पाळलं.

बहीण कालोलाइने त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. नवरा समुद्राने नेला, दोन्ही मुलगे ऑकलंडला. तिने विणलेली केवड्याच्या पानांची चटई लग्नात मांडली, की बायका मुद्दाम कोपरा उलटून वीण बघत. आधी ती वीण विसरली, मग मुलांची नावं विसरली, मग भाऊ. लिसिआतेला ती कधी होडीवाला समजे, कधी पाद्री.

“अगं ताई, मी लिसिआते,” तो दाराबाहेरून सांगे.

“असशील बाबा. होडी कधी सुटायची तेवढं सांग.”

दोन वर्षांत तिने त्याचं नाव एकदाही घेतलं नाही. त्याला दुसरं काही नको होतं. मरण्याआधी तिने एकदा ओळखावं, नावाने हाक मारावी, एवढ्यासाठी त्याचा जीव अडकला होता.

अळू नारळाच्या दुधात शिजवणं, पाणी भरणं, तिचे कपडे वाळत घालायला एखाद्या बाईला हाक मारणं, एवढं त्याला जमे. पण अंघोळ? कपडे बदलणं? तिथे भावाचे हात बांधलेले. चर्चच्या बायका नसत्या तर दोघांचेही हाल कुत्र्याने खाल्ले नसते. हे सुरू केलं पाद्रीणबाईंनी. त्यांच्या आईला हाच रोग होता. आई गेल्यावर एका रविवारी उपासना संपताच त्या उठून म्हणाल्या, “वेदीवर फुलं मांडायला तुमच्यात भांडणं लागतात. फुलं संध्याकाळी कोमेजतात. त्यापेक्षा मंगळवारी आणि गुरुवारी माझ्याबरोबर चला.”

त्या दोन दिवशी बायका येत, कालोलाइनेला न्हाऊ घालत, चर्चला जाताना कपड्यांवरून नेसायची मानाची चटई कमरेला नीट बांधत आणि चर्चच्या हॉलमध्ये घेऊन जात. तिथे तिच्यासारखी आणखी तिघं. आपण जेवलो की नाही हे तिला सांगता येत नसे, पण स्तोत्राची पाचही कडवी बिनचूक. बाकीच्या दिवशी शेजारची विधवा नानिसे सगळं बघे आणि रात्री तिच्याजवळच झोपे.

बायकांचा हेतू असा, की त्या दोन दिवशी लिसिआतेने आपली शेती बघावी. पहिल्या आठवड्यात त्याने बघितली. दुसऱ्यापासून तो नीरफणसाखाली आडवा होऊन मेल्यासारखा झोपे.

“कंद जोरात आलेत म्हणे,” नानिसे म्हणाली. “गालावर चटई उमटलीय.”

“तुझ्यामुळेच. रात्रभर घोरतेस, माझ्या झोपडीपर्यंत ऐकू येतं.”

“मी नाही घोरत. तुझी ताई घोरते.”

लिसिआतेचं हसू तिथेच थांबलं. बहिणीच्या घोरण्यावर हसणं त्याच्या रीतीत बसत नव्हतं.

ऑगस्टात पलीकडच्या गावी पाद्रीणबाईंच्या सासूबाई वारल्या. अशा वेळी मयताच्या घरी द्यायच्या चटया घेऊन गावातल्या सगळ्या बायकांनी जायचं, न जाणं म्हणजे मेलेल्याचा अपमान. नानिसे तरी घुटमळली.

“मी राहते मागे.”

“जा गं. संध्याकाळपर्यंत काय आभाळ कोसळतंय? मी ओट्यावर बसतो.”

इथेच तो चुकला. आपणही ताईचं काही करू शकतो हे त्याला एकदा दाखवायचं होतं.

दहाच्या सुमाराला आत धप्पकन आवाज झाला. तो दाराशी धावला. कालोलाइने पलंगापाशी पडली होती, पाय वाकडा झालेला आणि अंगावरचं वस्त्र सुटलेलं. त्याने झटकन पाठ फिरवली.

“ताई, हलू नकोस!”

“कोण आहे? अरे, उचल ना मला!”

दोन पावलांचं अंतर. त्याचा पाय उचलेना. कुणी म्हणेल, हा कसला वेडेपणा! म्हणणाऱ्याने साठ वर्षं एक गोष्ट पाळून बघावी आणि मग तोंड उघडावं. तो रस्त्याने बाई शोधत धावत सुटला. घरामागून घरं रिकामी, बायका मयताला, पुरुष शेतावर. गावाच्या टोकाला सेला सापडली, दिवस भरत आले म्हणून मागे राहिलेली. तिला घेऊन येईपर्यंत पाऊण तास गेला. तोवर कालोलाइने जमिनीवर विव्हळत होती. सेलाने तिला झाकलं, मग बरोबर आलेल्या आपल्या सासऱ्याला हाक मारून आत घेतलं आणि दोघांनी तिला पलंगावर निजवलं. भाऊ ओट्यावर उभाच.

खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया तिच्या हृदयाला सोसायची नाही, घरीच ठेवा. मुलांनी ऑकलंडहून धरून उठायला भिंतीत बसवायच्या दांड्या पाठवल्या. बैल गेला नि झोपा केला.

लिसिआतेला कुणी बोल लावला नाही. उलट म्हाताऱ्या म्हणाल्या, “भाऊ असावा तर असा.” ते त्याला शिव्यांहून झोंबलं. पाद्रीणबाई मात्र त्याच्याजवळ ओट्यावर बसल्या.

“तू आत गेला असतास ना, लिसिआते, तरी देव तुझ्यावर रागावला नसता.”

“ठाऊक आहे मला,” तो म्हणाला. “तेव्हाही ठाऊक होतं.”

आता बायका रोज येऊ लागल्या. पाळ्या लावून कुशीवर वळवत, हळू आवाजात स्तोत्रं म्हणत. पण पडून पडून छातीत कफ भरला, ताप हटेना. एका दुपारी नानिसे टाकीवर पाणी आणायला गेली असताना आतून क्षीण आवाज आला, “पाणी.”

लिसिआतेने पेला भरला आणि उंबऱ्याशी थांबला. या खेपेला मात्र थांबून राहिला नाही. मान खाली घालून तो आत गेला, पलंगाशी गुडघे टेकले आणि पेला तिच्या ओठांना लावला. तिच्याकडे न बघता पाजताना अर्धं पाणी उशीवर सांडलं. ती चार घोट प्यायली. मग तिने डोळे उघडून त्याच्याकडे बराच वेळ बघितलं आणि चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

“लिसिआते?”

“हो ताई. मीच.”

“लाज नाही वाटत? बहिणीच्या खोलीत शिरतोस? हो बाहेर!”

“चुकलो, ताई,” तो म्हणाला आणि बाहेर आला.

नानिसे बादली घेऊन परतली तेव्हा तो ओट्यावर बसून लहान पोरासारखा हुंदके देत होता.

“काय झालं रे? गेली का?”

“ओळखलं तिने मला,” तो म्हणाला. “नावाने हाक मारली. आणि बाहेर काढलं.”

कालोलाइने आणखी चार दिवस होती. तिने पुन्हा कुणालाच ओळखलं नाही. लिसिआते चारही दिवस दाराबाहेर बसला, आणि पाणी नानिसेने पाजलं.