दोनदा सांगितलेलं दुखणं

तालुक्याच्या एका दवाखान्यात मी बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होते. हिवाळ्यात शेजारच्या जिनिंगमधून कापसाचे तंतू उडत यायचे आणि खिडकीतल्या उन्हात तरंगत राहायचे. दुपारी सगळा वॉर्ड पाण्याखाली असल्यासारखा संथ व्हायचा.

खिडकीजवळच्या खाटेवर एक शेतमजूर बाई होती. सिझर होऊन तीन दिवस झालेले. शेजारी एका शिक्षकाची बायको, तिचंही सिझरच. ती जरा कण्हली की मी उठून तिला इंजेक्शन द्यायचे. मजूर बाई भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. मला वाटायचं, झोपली आहे.

त्या दुपारी बाळाला पाजायला उठवावं म्हणून मी तिच्या खांद्याला हात लावला, तर अंग चांगलंच तापलेलं. सकाळची कणकण मी सोडून दिली होती. आता ती पोटाला हात लावू देईना.

"इतकं दुखतंय तर सांगायचं नाही का?" मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता. "सांगितलं की, सिस्टर. कालपासून दोनदा. तुमालाच सांगितलं."

मग तिचा आवाज आठवला. फार लांबून आल्यासारखा. तिच्या केसपेपरवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, तक्रार नाही.

टाक्यांत पू झाला होता. डॉक्टरांनी जखम उघडून धुतली, औषध बदललं. दहा-बारा दिवसांनी ती बाळाला घेऊन एसटीनं गावी गेली.

सुट्टीत मी ताडकळसजवळच्या आमच्या गावी गेले. माझी आई जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेली. आम्हा भावंडांच्या बाळंतपणानंतर ती आठवड्यातच कामावर जायची, हे मी कौतुकानं सगळ्यांना सांगत आले होते. अंगणात तिचे केस विंचरताना मी विचारलं, तुला दुखायचं नाही का?

"लय दुखायचं," ती म्हणाली. "पण इचारलं कुणी?"

राबणाऱ्या बाईला कमी दुखतं, हे मी शिकले होते ते तिच्याकडूनच, तिला न विचारता.

आता मी प्रत्येक खाटेपाशी थांबून विचारते: कूस बदलता येते का, झोप लागली का, कसं दुखतंय? आणि त्या सांगतील त्याच शब्दांत लिहिते. आत कुणी पीळ घालायलंय, असं एकीनं सांगितलं, तसंच लिहिलं. डॉक्टर आधी हसले. मग थांबून पुढचं वाचू लागले.