वर्गातलं घड्याळ

आमच्याकडे 'त्याला हार्ट आहे' असं म्हणतात. जणू बाकीच्यांच्या छातीत ते नसतंच. उदगीरला मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, माझ्या वडिलांचं दुकान होतं. तिथं एखादा माणूस दम खात उभा राहिला की हमालसुद्धा एकमेकांच्या कानात सांगायचे, "जपून बोला, त्याला हार्ट हाय." मग त्याच्या पाठीवर कुणी पोतं देत नसे, त्याच्या पोरीला स्थळ येत नसे, आणि त्याच्याशी कुणी मोठ्यानं भांडतसुद्धा नसे. हे शेवटचं मला सगळ्यात भयंकर वाटायचं. मी पहिल्यापासून भांडखोर माणूस.

आणि नेमकं मलाच हार्ट निघालं. लहानपणी सांधे सुजून ताप यायचा, त्यात हृदयाची एक झडप खराब झाली होती, पण ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. भूकंप झाला तेव्हा मी लातूरला एका खाजगी क्लासमध्ये नुकताच शिकवायला लागलो होतो. पडलेल्या गावांकडं मदतीला जाणाऱ्या पोरांबरोबर मीही गेलो. पाण्याचे कॅन उचलून दहा पावलं टाकली की मी खाली बसायचो. "सरांनी धास्ती घेतली," पोरं म्हणायची. त्या दिवसांत सगळ्यांचीच छाती धडधडत होती. भांडं पडलं तरी माणसं घराबाहेर पळत होती. माझी धडधड वेगळी कुणाला वाटणार? शेवटी मदतीच्या तंबूतल्या डॉक्टरनं माझ्या छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि खेकसला, "तुम्ही इथं कशाला आलात? तुमच्यासाठीच माणसं पाठवायला पाहिजेत."

हैदराबादला ऑपरेशन झालं. खराब झडप काढून धातूची बसवली. ती उघडबंद होताना वाजते, हे मला कुणी नीट सांगितलं नव्हतं. टिक, टिक, टिक. एसटीत, बाजारात कळत नाही. शांत खोलीत लगेच कळतं. बायको म्हणाली, "बरं झालं. तुम्ही घरात कुठं आहात ते हाक न मारता कळतंय." तिनं ते हसण्यावारी नेलं. मला जमलं नाही.

आधीच्या क्लासच्या मालकांना मी भाबडेपणानं सगळं सांगून टाकलं होतं. त्यांनी दोन्ही हात जोडले. "सर, तुम्ही आता आराम करा. वर्गात काही झालं तर पालकांना काय तोंड दाखवू?" तिथंच मी कानाला खडा लावला. दुसऱ्या क्लासमध्ये नोकरी धरली ती तोंडाला कुलूप लावूनच.

तोवर लातुरात क्लासचं पेव फुटलं होतं. गल्लीगल्लीत पाट्या, गच्चीगच्चीवर पत्रे टाकून वर्ग, आणि घरटी दोन-चार पोरं भाड्यानं. सगळ्यांना डॉक्टर व्हायचं होतं आणि मी त्यांना बायोलॉजी शिकवत होतो. शिकवताना अडचण नव्हती, माझा आवाज खणखणीत. पण पहिल्याच टेस्टला, सगळे मान खाली घालून लिहीत असताना, पुढच्या बाकावरची पोरं घड्याळ कुठं वाजतंय म्हणून रिकाम्या भिंतीकडं बघायला लागली. त्याच संध्याकाळी गंजगोलाईच्या बाजारात जाऊन भिंतीवरचं घड्याळ घेतलं. दुकानदार प्रामाणिक होता. म्हणाला, "सर, हे लई आवाज करतं. दुसरं दाखवू का?" मी म्हणालो, "न्हाई, हेच द्या."

रक्त पातळ राहायची गोळी जन्माची चिकटली होती. त्यासाठी दर महिन्याला रक्त तपासावं लागतं. लातुरात तपासलं तर कुणीतरी विद्यार्थ्याचा बाप भेटणार, म्हणून मी नांदेडला जायचो. क्लासमध्ये सांगायचो, गुरुद्वाऱ्याला चाललोय. मग सगळे प्रसाद मागायचे, म्हणून खरंच गुरुद्वाऱ्यात जाऊन प्रसाद आणायचो. बायको वैतागायची. "तुम्ही काय चोरी केलीय का हो? छातीत झडप बसवलीय, दरोड्याचा माल नाही ठेवलेला." मी तिच्यावरच ओरडायचो.

दर वर्षी हृदयाचा धडा यायचा. मी फळ्यावर लाल खडूनं चारी कप्पे काढायचो, झडपा दाखवायचो, आणि झडपांचे आजार आले की म्हणायचो, "हे परीक्षेला येत नाही, घरी वाचा." येत होतं. आज लिहितानासुद्धा कान गरम होतात.

एका वर्षी किनवटकडची एक मुलगी पहिल्या बाकावर बसायची. हुशार होती, प्रश्न विचारून भंडावून सोडायची. आमचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर. ती प्रत्येक मजल्यावर थांबून भिंतीवरच्या नोटिसा वाचायची. रोज त्याच नोटिसा. मला पहिल्या आठवड्यातच कळलं, कारण मीही त्याच वाचायचो. मी तिला काही म्हणालो नाही. दिवाळीनंतर ती जिन्यात चक्कर येऊन पडली, तेव्हा डॉक्टरनं सांगितलं की झडप बदलावी लागेल.

तिचे वडील आले. शेतकरी माणूस, डोक्याचा रुमाल काढून हातात धरलेला. मालकांनी मला ऑफिसात बोलावलं. "सर बायोलॉजीचे आहेत, त्यांना विचारा," म्हणून ते फोन घ्यायला बाहेर गेले. आत मुलगी, तिचे वडील आणि मी असे तिघं उरलो. वडील मला म्हणाले, "सर, डॉक्टर म्हणते धातूची झडप टाकू. तिची शाळा सुटंल का, तिला नांदवंल का कोणी, मले काय समजून नाही राहिलं. तुम्ही शिकलेले. एवढंच सांगा, असं टाकून माणूस धड उभं राहून काम करतंय का? एक तरी माणूस तुमच्या पाहण्यात हाय का?"

खोलीत एकदम शांतता झाली. टिक, टिक, टिक. मुलीनं मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. ऑफिसातलं ते घड्याळ कित्येक दिवस बंद पडलेलं होतं. तिनं सावकाश मान वळवली आणि माझ्या शर्टाकडं पाहिलं, मग माझ्या तोंडाकडं.

मी म्हणालो, "नाही. माझ्या पाहण्यात तरी नाही."

वडिलांनी रुमाल डोक्याला बांधला. "मग राहू द्या," म्हणाले. दुपारी तिची ट्रंक घेऊन ते दोघं गेले. मी पुढच्या तासाला खणखणीत आवाजात शिकवलं. हे सगळ्यात वाईट.

पुढं बऱ्याच वर्षांनी नांदेडच्या लॅबमध्ये मी कोपऱ्यात पेपर तोंडासमोर धरून बसलो होतो. "सर!" अशी हाक आली. सगळी लॅब वळून बघायला लागली. तीच होती. अंगानं भरली होती, साडी, खांद्याला पर्स. "तुमचीबी गोळी चालू हाय न्हवं? कितीची घेता?" असं ती सगळ्यांदेखत विचारत होती. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

ती आश्रमशाळेत शिकवत होती. मी घाबरत विचारलं, मग ऑपरेशन कधी झालं? "तीन वर्षांनी," ती म्हणाली. "बाबा म्हणले, सरांनीच न्हाई म्हटलं, विषय संपला. मी घरात बसून राहिले. मग पाय सुजाया लागले. तेव्हा मीच एकटी इथं आले, मोठ्या डॉक्टरला दाखवलं. बाबांना सांगितलं, कागदावर सही मी करून राहिले, तुम्ही फक्त सोबत या."

"माझं का नाही सांगितलंस त्यांना? तुला तर कळलं होतं."

"तुम्ही न्हाई म्हटलात ना सर. मग मी कसं सांगणार?" ती अगदी साधेपणानं म्हणाली. "पण टिकटिक मी ऐकली होती. तीन वर्षं तेवढंच धरून होते." डॉक्टर व्हायचं तिचं राहून गेलं होतं. त्याबद्दल तिनं अवाक्षर काढलं नाही, मीच मनात मोजत बसलो. तेवढ्यात शेजारची एक म्हातारी मुलाला विचारायला लागली, आपलं बी ऑपरेशन करायचं म्हणतेत, वाचंन का रं मी? ही उठली, म्हातारीचं डोकं धरून स्वतःच्या छातीशी नेलं आणि म्हणाली, "ऐका मावशी. सहा वर्षं झाली, रोज वर्गात उभी राहते." म्हातारी कान लावून हसायला लागली. एवढं सोपं होतं ते.

परत येताना गुरुद्वाऱ्यात गेलो नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात शिरलो, खुर्चीवर चढून घड्याळ उतरवलं आणि सेल काढून टेबलावर ठेवला. "पोरांनो, एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली आहे," म्हणालो. "मला हार्ट आहे. माझ्या छातीत धातूची झडप आहे. हा आवाज तिचा."

कुणी दचकलं नाही. मग मागून एक पोरगी उभी राहिली. "सर, आम्हाला माहीत आहे. सीनियर सांगून जातात. घड्याळ मिनिटाला साठ वाजतं, तुम्ही जिना चढून आलात की शंभर. बायोलॉजीचीच पोरं आहोत ना सर." मग जरा थांबून म्हणाली, "घड्याळाबद्दल विचारायचं नाही, सरांना वाईट वाटतं, असंही सांगतात."

मी खुर्चीवर बसलो. इतकी वर्षं, इतक्या बॅचेस, सगळ्यांनी मला सांभाळून घेतलं होतं. माझं गुपित एकाच माणसापासून लपलं होतं. त्यानं डोक्याचा रुमाल हातात धरून मला सरळ विचारलं होतं.

मी फळ्याकडं वळलो आणि झडपांचे आजार शिकवायला घेतले.